कल्याणच्या पुढचा प्रेक्षक

चित्रपटांना तारे वाटणारी मंडळी राहतात तरी कुठे, याचा एकदा छडा लावला पाहिजे. माझा दाट संशय असा की त्यांतलं कुणीच कल्याणच्या पुढे राहत नाही. त्यांच्या परीक्षणात पटकथा कुठे सैल पडली, संकलकाची कात्री कुठे बोथट झाली, पार्श्वसंगीताने कान कसे किटले, हे सगळं असतं. पण सिनेमा सुटल्यावर घरी जायला गाडी आहे की नाही, याबद्दल अवाक्षर नसतं. बदलापूरच्या माणसाला आधी ते वाचायचं असतं. पटकथेचं तो गाडीत बसल्यावर वाचेल. म्हणजे बसायला मिळालं तर.

रेल्वेच्या हिशेबाने सीएसएमटीपासून कल्याण ५४ किलोमीटर, उल्हासनगर ५८, अंबरनाथ ६० आणि बदलापूर ६८. मुंबईकराच्या हिशेबाने मात्र कल्याणला पृथ्वी संपते. ‘बदलापूरला राहतो’ म्हटलं की पार्ल्याचा माणूस ‘रोज जाऊन-येऊन करता?’ असं विचारतो आणि चेहऱ्यावर सांत्वनाला आल्याचे भाव आणतो. पण सिनेमाचं वेड काही अंतर बघून लागत नाही. आमच्या पट्ट्यात टॉकीजची नावं पत्त्यांत मुरलेली आहेत. बदलापुरात वैशाली टॉकीज म्हणा, उल्हासनगरात अशोक-अनिल म्हणा, नाहीतर श्रीराम टॉकीज म्हणा. रिक्षावाला पुढचं काही न विचारता थेट भाडं सांगतो.

तर गेल्या वर्षा-दीड वर्षात पाहिलेल्या चित्रपटांचं हे परीक्षण. यात तारे नाहीत. आमच्याकडे चित्रपटाची प्रतवारी स्टेशनांवर होते. कल्याणला सिनेमा बघून गाडीत चढलात आणि विठ्ठलवाडीलाच विषय कांद्याच्या भावावर गेला, तर चित्रपट पडला. उल्हासनगरपर्यंत टिकला तर बरा. अंबरनाथ ओलांडून गेला तर उत्तम, कारण अंबरनाथ ते बदलापूर मध्ये आठ किलोमीटर काहीच येत नाही, तेवढ्यात माणूस मोबाइल काढतो. आणि बदलापूरला उतरून, जिना चढून, रिक्षाच्या रांगेतही भांडण चालूच राहिलं, तर त्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार द्यायला हरकत नाही.

आता लांबी. ‘धुरंधर’ ५ डिसेंबर २०२५ला लागला तेव्हा वर्तमानपत्रांनी रणवीर सिंहबद्दल लिहिलं, आदित्य धरबद्दल लिहिलं. आमच्या सोसायटीत पहिली बातमी पोचली ती २१४ मिनिटांची. तीन तास चौतीस मिनिटं. त्यात सुरुवातीला गुटखा-तंबाखूचे दुष्परिणाम, मग बिल्डरांच्या जाहिराती (त्याही बदलापूरच्याच फ्लॅटच्या, जिथून आपण नुकतेच आलो), मग मध्यंतर, हे सगळं धरलं तर चार तासांच्या वर. कल्याणला रात्री साडेनऊच्या शोला बसणारा बदलापूरकर एकतर शूर असतो, नाहीतर अविवाहित. पडद्यावर हेर शत्रूच्या गोटातून निसटायच्या बेतात असतो, आणि प्रेक्षकांतली आमच्याकडची मंडळी शेवटची कर्जत लोकल पकडायच्या. अंधारात कुणी मोबाइल पेटवला की मागचे लोक ‘शुक शुक’ करतात. त्यांना वाटतं हा चॅटिंग करतोय. बिचारा एम-इंडिकेटरवर गाडीची वेळ बघत असतो.

बरं, दिवसा जावं म्हटलं तर दिवसा आम्ही गाडीत किंवा ऑफिसात. राहिला रविवार. रविवारी मेगाब्लॉक. ज्या दिवशी माणसाला सिनेमाला जायला सवड, नेमका तोच दिवस रेल्वेलाही रूळ तपासायला मोकळा सापडतो. त्यामुळे आमच्याकडे रविवारी सिनेमाला जायचं ठरलं की तिकीट काढायच्या आधी ब्लॉक कुठून कुठपर्यंत, अप की डाउन, धीम्या मार्गावर की जलद, एवढं पाहावं लागतं. एवढा अभ्यास पटकथाकाराने केला असता तर निम्मे चित्रपट वाचले असते.

‘छावा’पासून सुरुवात करतो. १४ फेब्रुवारी २०२५ला लागला. त्या दिवशी जोडीने सिनेमाला जायची नवी प्रथा आहे. तशी जोडपी हातात गुलाब घेऊन आत गेली आणि ‘हर हर महादेव’ करत बाहेर आली. गुलाब खुर्चीतच राहिले. माझ्या मागच्या रांगेत एक काका होते. असे काका प्रत्येक ऐतिहासिक चित्रपटाला तिकिटासोबत मिळतात. ‘शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरून घेतलाय,’ त्यांनी पहिल्याच मिनिटाला बायकोच्या कानात सांगितलं. कानात म्हणजे, तिकीट खिडकीपर्यंत ऐकू गेलं. मग प्रत्येक प्रसंगाआधी ‘आता बघ हं’. बुऱ्हाणपूर आलं, ‘आता बघ हं’. दरबार आला, ‘आता बघ हं’. मध्यंतरानंतर संगमेश्वर आलं आणि काका गप्प झाले. शेवटची वीस-पंचवीस मिनिटं त्यांचा आवाज नाही. दिवे लागले तेव्हा ते चष्मा पुसत होते आणि काकू त्यांना म्हणाल्या, ‘आता बघा हं, खाली पायरी आहे.’

पुढे २६ तारखेला महाशिवरात्र आली. अंबरनाथला त्या दिवशी १०६० सालच्या शिवमंदिरात पाय ठेवायला जागा नसते. दर्शनाच्या रांगेत उभे राहून आलेले लोक संध्याकाळी पुन्हा ‘छावा’च्या रांगेत. एका दिवसात दोन रांगा, दोन्हीकडे घोषणा एकच. मंत्रालयात नोकरी करणारे आमच्या गाडीतल्या ग्रुपमधले खिडकीवाले साहेब म्हणाले, ‘अंबरनाथकराने आज एकदाच घसा गरम केला आणि दोन्हीकडे वापरला.’ परतीच्या गाडीत मात्र कुणी बोलेना. विठ्ठलवाडी गेलं, उल्हासनगर गेलं, अंबरनाथ गेलं, सगळे आपले दाराकडे बघतायत. अशा वेळी आमची मोजणी बंद पडते. ‘छावा’ला आम्ही गुण दिलेच नाहीत, नुसते हात जोडले.

त्या चित्रपटात अक्षय खन्ना औरंगजेब झाला होता. आमच्या शेजारच्या काकूंनी फेब्रुवारीत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ‘मेल्याच्या डोळ्यांत बघवत नाही,’ म्हणाल्या. डिसेंबरात तोच अक्षय खन्ना ‘धुरंधर’मध्ये कराचीतला रहमान डकैत होऊन आला, काळ्या कपड्यांत हात उडवत नाचला आणि त्याचा तो नाच घराघरांतल्या मोबाइलवर पोचला. काकू नातवाला सारख्या ‘लाव रे तो नाच’ म्हणायला लागल्या.

‘काकू, ओळखलंत का? हा तोच, औरंगजेब.’

‘अगं बाई! सुधारला की!’

‘सुधारला कसला? यात डाकू आहे.’

‘असू दे. आधीचं पाहिलंय ना मी, त्या मानाने पुष्कळ सुधारला.’

एका नटाच्या वर्षभराच्या कामाचं इतकं नेमकं मूल्यमापन माझ्या तरी वाचनात आलेलं नाही.

‘सैयारा’ १८ जुलैला, भर पावसात आला. बाहेर पाऊस, आत पाऊस. अहान पांडे आणि अनीत पड्डा या दोन नव्या चेहऱ्यांसाठी उल्हासनगरच्या सीएचएम कॉलेजातली अख्खी पिढी हुंदके देत होती. आमच्या वेळी पोरं सिनेमात रडू आलं तर बुटाची नाडी बांधायला खाली वाकत. ही पोरं रडताना एकमेकांचे व्हिडिओ काढत होती. एका मुलीचं रडणं नीट आलं नाही म्हणून ती पुन्हा रडली. नायिकेला तरुणपणीच विस्मरणाचा आजार होतो आणि ती नायकाला विसरते, अशी गोष्ट. मी आणि सौभाग्यवती पुढेमागे बसलो होतो, कारण शेजारच्या सगळ्या जागा जोड्यांनी धरल्या होत्या. बाहेर आल्यावर मी म्हटलं, ‘काय भयंकर आजार आहे.’ ती म्हणाली, ‘आहेच. येताना दळण आणायचं होतं.’

आमच्या ग्रुपमधला जीन्सवालाही बघून आला. तो उल्हासनगरचा, पाच नंबरातला. उल्हासनगरात कॅम्पांना आकड्यांनीच ओळखतात. माणूस ‘तीन नंबरला उतरतो’ म्हणाला तर तो लिफ्टमध्ये नसतो. जीन्सवाल्याच्या कारखान्यात दिवसभर पँटी शिवून त्या मुद्दाम फाडायचं काम चालतं. त्याला विचारलं, चित्रपट कसा? तो म्हणाला, ‘हिरोच्या गुडघ्याचं भोक मशीनचं आहे. हाताचं नाही.’ आणि गाणी? ‘गाणी चांगली. पण भोक मशीनचं.’ चित्रपट उल्हासनगरपर्यंत टिकला. त्यानंतर एका पायावर किती वेळा ब्लेड मारावं लागतं, यावर चर्चा झाली आणि ती बदलापूर येईपर्यंत पुरली.

मग १२ सप्टेंबरला ‘दशावतार’. याला रिक्षाच्या रांगेचं बक्षीस. बदलापूर आज दिसतं तेवढं नुसतं बदलापूर नाही. लालबाग-परळच्या चाळींतून निघालेली कोकणातली शेकडो कुटुंबं इथे येऊन राहिली आहेत, आणि त्यांतली बरीचशी गणपतीला गावी जाऊन नुकतीच परतली होती. अंगाला अजून शेणाच्या सारवणाचा वास. अशा वेळी सुबोध खानोलकरांनी त्यांच्यासमोर दशावतारी नट बाबुली मेस्त्री उभा केला, आणि तो कोण, तर दिलीप प्रभावळकर. तेव्हा वय वर्षं ८१. चिमणराव, चौकट राजा, टिपरे आजोबा, गांधीजी हे सगळं करून झाल्यावर माणूस या वयात अंगाला रंग फासून रानात पळतो. आम्ही पन्नाशीत बदलापूरचा पूल चढलो की वर दोन मिनिटं जाहिरात वाचायचं नाटक करून श्वास घेतो.

माझ्या शेजारी एक वेंगुर्ल्याचे आजोबा होते. नातवंडांनी आणून बसवलेले. पडद्यावरच्या म्हाताऱ्याला नीट दिसत नाही, आता त्याने काम सोडावं, असा त्याच्या मुलाचा आग्रह सुरू झाला तशी त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. ‘सोडतलो कसो तो!’ पुढचे दोन तास त्यांनी पडद्याशी थेट बोलणी केली. खाणवाल्यांची गाडी गावात शिरली तेव्हा ते उठूनच उभे राहिले. मागचा एक तरुण म्हणाला, ‘आजोबा, बसा ना, दिसत नाही.’ आजोबा न वळता म्हणाले, ‘गाव चललो हा, आणि तुका पिक्चर होयो?’ यावर कोण काय बोलणार? तरुण उभा राहून बघायला लागला.

रिक्षाच्या रांगेत दोन भाऊ उभे होते. थोरला तावातावाने सांगत होता, गावची जमीन म्हणजे आई, ती विकायची नसते. धाकटा शांतपणे म्हणाला, ‘बरोबर. पण तुझा वन बीएचके कशातून आला?’ थोरल्याने आलेली पहिली रिक्षा पकडली. तीही शेअर रिक्षा, त्यात धाकटाही बसला. वाद कुठपर्यंत गेला ते कळलं नाही. बदलापुरातल्या कात्रपपर्यंत तरी नक्की गेला असणार.

परत ‘धुरंधर’कडे येतो, कारण तो उल्हासनगरला जसा लागला तसा दुसरीकडे कुठे लागला नसेल. एक तर रणवीर सिंहचं मूळ आडनाव भवनानी. त्यामुळे पाचही कॅम्पांत तो कुणा ना कुणाच्या मावसबहिणीच्या नणंदेचा लागतोच. आणि दुसरं, चित्रपट घडतो कराचीच्या ल्यारीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत उतरली, आणि ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी त्या छावणीचं उल्हासनगर असं बारसं केलं. ज्या गावाची निम्मी आजी-आजोबा मंडळी कराची, हैदराबाद, शिकारपूर अशा पत्त्यांवरून आलेली, तिथे कराचीचा सिनेमा म्हणजे घरचं कार्य.

माझा एक मित्र तीन नंबरात फर्निचरचं दुकान चालवतो. तो वडिलांना घेऊन गेला. वडील लहानपणी कराची सोडून आलेले. हिंसा इतकी की मित्रच मध्ये मध्ये डोळे मिटत होता. वडील मात्र पुढे वाकून, पडद्याचे कोपरे न्याहाळत बसलेले. गोळीबार चालू, माणसं पडतायत, आणि हे मारामारीच्या मागचे रस्ते बघतायत. मध्यंतरात त्यांनी विचारलं, ‘ट्राम किधर है?’ त्यांच्या लहानपणी कराचीत ट्राम होती. मुलाने समजावलं की बाबा, ही गोष्ट आत्ताची आहे, ट्राम केव्हाच बंद झाली. ते म्हणाले, ‘ट्राम छोडो, ये गली भी वैसी नहीं है.’ तेव्हा मुलाने खरं सांगून टाकलं: ‘बाबा, ये कराची नहीं है. बँकॉक में सेट लगाया है.’

वडिलांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. ‘फिर ठीक है,’ म्हणाले आणि समोसा खायला घेतला.

मित्राला मात्र ते लागलं. दुसऱ्या दिवशी मला दुकानात बसवून म्हणाला, ‘मला एक सांग. कराची बनवायला थायलंडला कशाला जायचं? आम्ही इथे तीन नंबरात निम्म्या किमतीत बनवून दिली असती. ओरिजिनलपेक्षा मजबूत.’ ज्या गावाने ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद स्वतःवरच करून तो देशभर खपवला, त्या गावाला हे म्हणायचा अधिकार आहे. मारामाऱ्यांबद्दल त्याचं वेगळं मत होतं. नायक माणसाला टेबलावर आपटतो आणि टेबलाचे दोन तुकडे होतात. ‘ये प्लाय है. सागवान ऐसे नहीं टूटता. सागवानावर आपटला तर माणूस तुटतो.’ समीक्षेत वास्तववाद म्हणतात तो हाच असावा.

आता जरा वरच्या दर्जाचे चित्रपट. पायल कपाडियाच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला २०२४ साली कान महोत्सवात ग्राँ प्री मिळालं आणि प्रेक्षकांनी आठ मिनिटं उभं राहून टाळ्या वाजवल्या. चित्रपटात पाऊस, नर्सेस, निळसर उजेड आणि खूप लोकल गाड्या. छाया कदमने त्यात इस्पितळात स्वयंपाक करणारी पार्वती केली आहे. कागदपत्रं नाहीत म्हणून बिल्डर तिला घराबाहेर काढतो आणि ती रत्नागिरीला गावी निघून जाते. मला चित्रपट मनापासून आवडला. फक्त एक प्रश्न पडला. फ्रान्सच्या लोकांनी आमची लोकल बघून आठ मिनिटं उभं राहायचं आणि त्याची जगभर बातमी व्हायची. आम्ही त्याच लोकलमध्ये सीएसएमटी ते बदलापूर उभे राहतो, टाळ्या सोडा, कुणी चौथी सीटसुद्धा देत नाही.

रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ही असाच. सनडान्सला २०२५मध्ये जागतिक विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळवणारा पहिला मराठी चित्रपट. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकात गावी गेलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या यांची हळू बोलणारी गोष्ट. अमेरिकेत पारितोषिक मिळालं, पण बदलापुरात शो मिळेना. असा चित्रपट बघायचा तर उलटा प्रवास करून मुंबईकडे जावं लागतं. मी गेलो. सभागृहात माणसं थोडी, पडद्यावर शांतता. कॅमेरा हलत नाही, माणसं हलत नाहीत. आणि अशा वेळी सौभाग्यवतींनी पर्समधून फॉइलमध्ये गुंडाळलेली कोकी काढली.

कोकी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कांदा-मिरची घातलेली सिंधी जाड पोळी, प्रवासात दोन दिवस टिकते. फर्निचरवाल्याच्या घरून आली होती. फॉइलचा पहिला चर्र आवाज झाला तेव्हा पुढच्या रांगेतला एक दाढीवाला अर्धा वळला. ती थांबली. पडद्यावर बराच वेळ दोन माणसं झाडाखाली बसून राहिली. ती वाट बघत राहिली की कुणीतरी बोलेल, कुत्रं भुंकेल, निदान एस्टी जाईल. काही होईना. अखेर गावातली मंडळी रडायला लागली तेव्हा त्या आवाजात तिने फॉइल सोडवली. ‘चित्रपट चांगला आहे,’ ती नंतर म्हणाली, ‘पण खायला सवड देत नाही.’

खाण्याचा विषय निघालाच आहे तर: बाहेरचे पदार्थ आत आणू न देण्याचा अधिकार सिनेमागृहाला आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३मध्ये सांगितलं आहे. न्यायालयाचा पूर्ण मान राखून सांगतो, कल्याणच्या पुढच्या बायकांच्या पर्सपुढे कायद्याचे हात तोकडे पडतात. आतलं घ्यावं तर तिथे पॉपकॉर्न. त्याचीही एक गंमत. डिसेंबर २०२४मध्ये जीएसटी परिषदेने खुलासा केला की तेव्हाच्या दराने खारे सुटे पॉपकॉर्न असतील तर कर ५ टक्के, पाकीटबंद असतील तर १२ आणि कॅरॅमलचे गोड असतील तर १८. सरकारने तेवढं गोडात आणि खाऱ्यात वेगळं काढलं. आमच्या लाडवाच्या डब्यापर्यंत कुणी आलं नाही, हे नशीब.

मराठी चित्रपटाच्या वेळांचं दुखणं तर जुनंच. एप्रिल २०१५मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट प्राइम टाइमला दाखवायला सांगितलं. त्यावर शोभा डे यांनी आता पॉपकॉर्नऐवजी वडापाव आणि दही मिसळ मिळणार का, अशा अर्थाचा टोला लगावला आणि शिवसैनिक खरोखरच वडापाव-मिसळ घेऊन त्यांच्या घरापाशी गेले. महाराष्ट्रात निषेधसुद्धा उपाशीपोटी होत नाही. त्या गदारोळात एक बारीक गोष्ट कुणी पाहिली नाही. प्राइम टाइम म्हणजे काय, तर दुपारी बारा ते रात्री नऊ. दुपारी बारा वाजता बदलापूरचा कमावता माणूस बदलापूरपासून साठ-सत्तर किलोमीटरवर असतो. घरी असतात त्या सासूबाई, आणि त्या वेळी त्यांची मालिका पुनःप्रक्षेपित होत असते.

उरलेले चित्रपट मी गाडीत पाहतो, तेही दुसऱ्याच्या मोबाइलवर. समोरचा कानांत बोंडं घालून सिनेमा लावतो आणि मागचे आम्ही चार-पाच जण त्याच्या खांद्यावरून बघतो. आवाज नसतो. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या प्रेक्षकांनी ‘राजा हरिश्चंद्र’ असाच पाहिला. त्यांना निदान मध्ये मध्ये वाचायला पाट्या होत्या. अमृता सुभाषचा ‘जारण’ मी अशा रीतीने पाहिला. भयपट आवाजाशिवाय फारसा भिववत नाही, आणि डोंबिवली आली की त्याहून भयंकर दृश्य दारात उभं राहतं. ज्याचा मोबाइल होता तो ठाण्याला उतरला आणि शेवट घेऊन गेला. पुढे काय झालं, यावर आमच्या चार-पाच जणांत दादरपर्यंत मतभेद. प्रत्येकाने आपापला शेवट लावला. त्यातला खिडकीवाल्या साहेबांचा सर्वांत पटण्यासारखा होता. त्यांनी सगळा दोष शेजाऱ्यांवर ढकलला.

आणि हो, आमच्या गावाच्या नावाचाही एक चित्रपट आहे. श्रीराम राघवनचा ‘बदलापूर’, २० फेब्रुवारी २०१५. बायको आणि मूल गमावलेला वरुण धवन बदलापुरात येऊन पंधरा वर्षं सूडाची वाट बघत राहतो. चित्रपट आला तेव्हा ऑफिसात सगळे विचारायचे, ‘काय हो, सूड घ्यायला राहता काय तिकडे?’ बाकी दिग्दर्शकाने गाव अचूक निवडलं. वाट बघायला माणसाला कुठेतरी शिकावं लागतं, आणि बदलापूरच्या फलाटाइतकी चांगली शाळा दुसरी नाही. त्याच्या जाहिरातीत मात्र ‘सुरुवात चुकवू नका’ असं बजावलेलं होतं. ही अट कल्याणच्या अलीकडच्या लोकांसाठी ठीक आहे. सिग्नल पडला की आमची सुरुवात ठाकुर्लीत होते.

तर निकाल असा. ‘छावा’ मोजणीबाहेर. ‘दशावतार’ला रिक्षाची रांग. ‘धुरंधर’ अंबरनाथच्या पुढे गेला, पण अर्धी चर्चा लांबीवर आणि अर्धी सागवानावर. ‘सैयारा’ उल्हासनगर. ‘साबर बोंडं’ आणि पायल कपाडियाचा चित्रपट हे दोन्ही मुंबईहून परतताना घाटकोपरपासून बदलापूरपर्यंत टिकले, म्हणजे अंतराच्या हिशेबाने तेच पहिले आले.

शेवटी निर्माते-दिग्दर्शकांना आणि तुम्हाला एकेक विनंती. निर्मात्यांनो, हवा तेवढा मोठा चित्रपट काढा, पण एकमेकांच्या अंगावर काढू नका. १ मे २०२५ रोजी, महाराष्ट्र दिनी, ‘गुलकंद’ आणि ‘आता थांबायचं नाय!’ हे दोन चांगले मराठी चित्रपट एकाच दिवशी लागले, समोर हिंदीतला ‘रेड २’ होता, आणि आमच्याकडे सुट्टी एकच होती. आणि वाचकहो, मराठी चित्रपट बघायचा असेल तर पहिल्याच आठवड्यात बघा. ‘बघू पुढच्या रविवारी’ म्हणालात तर पुढच्या शुक्रवारी त्याचा शो सकाळी नऊला जातो, त्याच्या पुढच्या शुक्रवारी तो जातोच. फक्त तिकीट काढण्याआधी मेगाब्लॉक तेवढा बघून घ्या.